फॉरेन्सिक मेंटल हेल्थचा ऑनलाइन पीजी कोर्स: आठ महिन्यांनंतर

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या दवाखान्यात बसते आणि नोकरी सांभाळून हा गुन्हा, कोर्ट आणि मानसिक आजार यांची सांगड शिकवणारा कोर्स करतेय. विद्यापीठ इंग्लंडमधलं, बोटं मोडायची आहेत म्हणून नाव लिहीत नाही.

लाइव्ह सेमिनार आपल्याकडे रात्री साडेअकराला. लाइट गेली की रेंजही जाते. दोन सेमिनार गच्चीवर मच्छर मारत केले. फी पाउंडात, आणि शिकवणं सगळं त्यांच्या कायद्याचं. मनोरुग्णाला गुन्ह्यासाठी कधी जबाबदार धरायचं नाही याची कसोटी देणारा 1843 चा मॅक्नॉटन खटला कामी आला, कारण आपलं जुनं कलम 84, म्हणजे आताच्या न्याय संहितेतलं 22, त्याच वळणाचं आहे. पण नार्को चाचणीवरचा 2010 चा सेल्वी निकाल आणि 2017 चा आपला मानसिक आरोग्य कायदा मलाच शोधून वाचावा लागला. हिंसेच्या धोक्याचा अंदाज घ्यायच्या एचसीआर-20 या यादीत 20 पैकी 10 मुद्दे मागच्या आयुष्याचे. इथे मागच्या आयुष्याचे कागद वाळवी खाते!

तरी पाचपैकी साडेतीन देईन. यानं कोणी मनोविकारतज्ज्ञ होत नाही, पण माझं विचारणं बदललं.

एक केस, तपशील बदलून. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात पोरानं शेजाऱ्याच्या डोक्यात काठी घातलेली, आता जामिनावर. आईनं युरियाच्या पोत्यातून कॅरीबॅग काढली. आत मेंटल हॉस्पिटलचा घडीवर फाटलेला केसपेपर आणि अंगाऱ्याची पुडी. "म्याडम, पोट्टं येडं नाही, त्याले बाहेरचं लागलं हाये."

पूर्वी मी 'जुना स्किझोफ्रेनिया' एवढं लिहून मोकळी झाले असते. पण आजार असणं वेगळं आणि त्या घटकेला आपण काय करतोय हे न कळणं वेगळं; कोर्ट दुसरं बघतं. म्हणून त्या संध्याकाळचं विचारलं. आई म्हणाली, "काठी हिरीत फेकली, अन् मंग जेवाले बसला."

काठी लपवली, म्हणजे चूक कळत होती असं कोणी म्हणेल. पोराच्या विरोधात जाणारं ते वाक्य लिहिताना हात जड झाला. तरी लिहिलं.

आज खटला समजण्याइतका तो भानावर आहे का, हा प्रश्न आणखी निराळा; नागरिक सुरक्षा संहितेत त्याची कलमं 367 पासून आहेत. त्याला विचारलं, "जज काय करतो?"

"कर्ज माफ करते."

तेही जसंच्या तसं उतरवून कागद डॉक्टरांकडे दिला.