दुर्बिणीशेजारी टिकलेली पुस्तकं: दिवाळी ते पावसाळा, एका हंगामाचा अनुभव

दिवाळीच्या सुमारास आमच्या आकाशदर्शनाच्या गटात ठरलं की प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक पुस्तक सुचवायचं. नुसतं नाव सांगून भागणार नव्हतं. कुठली दुर्बीण, कसलं आकाश आणि नेमकं कुठलं पान कामी आलं, हेही सांगायचं होतं. माझ्याकडे सहा इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण. घर पुण्यात, म्हणजे गच्चीवरून ठळक तारे तेवढे दिसतात. अंधार हवा असेल तर भोरच्या पुढे जावं लागतं. सुचवलेल्या पुस्तकांपैकी काही मी हंगामभर वापरली. आता ढगांनी दुर्बीण घरात बसवली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त हाताळलं गेलं ते 'टर्न लेफ्ट ॲट ओरायन'. गाय कॉन्सोलमॅग्नो आणि डॅन डेव्हिस यांचं हे पुस्तक केंब्रिजने पहिल्यांदा १९८९ मध्ये काढलं. कॉन्सोलमॅग्नो पुढे व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले, पण पुस्तकाची बैठक नवख्या माणसाची आहे: छोटी दुर्बीण घेतलीय, चंद्र आणि शनी बघून झाले, आता पुढे काय? ज्या काकांनी ते सुचवलं त्यांनी हंस तारकासमूहातल्या अल्बिरिओचं पान उघडून दिलं होतं. कार्तिकात संध्याकाळी हंस पश्चिमेकडे कललेला असतो. त्याच्या चोचीवरचा तारा नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, दुर्बिणीत मात्र त्याचे दोन होतात, एक सोनेरी आणि एक निळसर. हे शहरातल्या गच्चीवरूनही दिसतं, आणि म्हणूनच ती शिफारस मला मोलाची वाटते. अंधाऱ्या आकाशाशिवाय न दिसणारी दीर्घिका त्यांनी पहिल्याच दिवशी सुचवली असती तर मी आठवडाभर चाचपडत राहिले असते.

या पुस्तकाची खरी ताकद त्याच्या चित्रांत आहे. फोटो पाहून दुर्बिणीला डोळा लावला की निराशा ठरलेली, कारण फोटोतला गुलाबी तेजोमेघ डोळ्यांना करडाच दिसतो. इथे डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढंच रेखाटलंय. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी फाइंडरमधलं (मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीतलं) दृश्य वेगळं, मुख्य दुर्बिणीतलं वेगळं. शिवाय आकाश किती स्वच्छ हवं, आयपीस (डोळा लावायचं भिंग) कमी शक्तीचा लावायचा की जास्त, कुठल्या महिन्यांत बघायचं, हे सगळं त्याच पानावर.

दिशांचा गोंधळही त्यांनी सोडवलाय, आणि हे मला दुसरीकडे इतकं नीट सापडलं नाही. डॉब्सोनियनमध्ये चित्र डोकं खाली, पाय वर असं दिसतं. त्यासाठी नकाशा उलटा धरला की काम होतं. पण भिंगाच्या दुर्बिणीला मागे डायगोनल, म्हणजे प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा, लावला असेल तर डावं-उजवं बदलतं, आणि मग नकाशा कसाही फिरवा, तो जुळत नाही. नव्या आवृत्त्यांत छोट्या दुर्बिणीचं आणि डॉब्सोनियनचं दृश्य वेगवेगळं छापलंय. गटातल्या एका ताईंकडे ऐंशी मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण आहे. आम्ही दोघींनी एकाच पानावरून, शेजारीशेजारी उभं राहून व्याधाच्या खालचा एम ४१ (मेसिएच्या यादीतला ४१ क्रमांकाचा तारकागुच्छ) लावला, तेव्हा या दोन चित्रांचं महत्त्व खऱ्या अर्थाने कळलं.

आता उणीव. पुस्तक उत्तरेकडच्या माणसांनी उत्तरेकडच्या आकाशासाठी लिहिलंय. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. तिथे जे डोक्यावर असतं ते आपल्याकडे उत्तरेला कललेलं, आणि तिथे जे क्षितिजाशी रेंगाळतं ते आपल्याकडे चांगलं वर येतं. वृश्चिकाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ आपल्याकडे क्षितिजापासून सदतीस अंशांपर्यंत चढतो, तर सप्तर्षींजवळच्या एम ८१ आणि एम ८२ या दीर्घिकांसाठी उत्तर क्षितिज मोकळं लागतं. तेव्हा पुस्तकातलं 'अवघड' आणि 'सोपं' आपल्या अक्षांशाप्रमाणे बदलून घ्यावं लागतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ. पुस्तकात तो दक्षिणेच्या विभागात आहे, आणि न्यूयॉर्कसारख्या ठिकाणाहून तो क्षितिजाला जेमतेम टेकतो. आपल्याकडे तो चोवीस अंश वर येतो. शोधायची युक्ती आमच्या गटातल्या सर्वांत जुन्या सदस्याने सांगितली. चित्रा नक्षत्राचा तारा बरोबर दक्षिणेला आला की तिथून सरळ खाली यायचं, हात लांब करून साडेतीन मुठी. चित्रा आणि ओमेगा जवळजवळ एकाच वेळी मध्यमंडल (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतात, म्हणून हे जमतं. एप्रिलच्या मध्याला ही वेळ मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने येते, मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास. भोरच्या पुढच्या अंधारात तो नुसत्या डोळ्यांना अस्पष्ट ताऱ्यासारखा दिसला. सहा इंचीत शंभरपट शक्ती लावली आणि कडेचे तारे सुटे व्हायला लागले, मग मधले, मग सगळं दृश्यच बारीक ताऱ्यांनी भरून गेलं. अंतर सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षं, तारे कोटीच्या घरात. त्या रात्री आमच्यापैकी कोणीही दुर्बीण दुसरीकडे वळवायला तयार नव्हतं.

दुसरं पुस्तक 'पॉकेट स्काय ॲटलास', रॉजर सिनॉट यांचं, २००६ चं. ऐंशी नकाशे, ७.६ प्रतीपर्यंतचे (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) तीस हजारांवर तारे आणि साधारण दीड हजार तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका. स्पायरल बांधणी असल्याने पान मागे दुमडून एका हातात धरता येतं. आधीचं पुस्तक बोट धरून नेतं, हे नुसता नकाशा हातात देतं. म्हणून माझ्या मते ते दुसऱ्या हंगामाचं पुस्तक आहे. कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या गर्दीसाठी मागे वेगळा मोठा नकाशा दिलाय, आणि तो नसता तर एम ८४ आणि एम ८६ मधून पुढे जाताना आपण नेमके कुठे आहोत हे मला कळलंच नसतं. अंधाऱ्या जागी पन्नास मिलिमीटरच्या फाइंडरमध्ये नकाशावर आहेत त्यापेक्षा खूप जास्त तारे दिसतात, त्यामुळे आधी ठळक ताऱ्यांचा त्रिकोण किंवा रेषा पकडायची सवय लावावी. पौषातल्या दवात कागद ओला होतो. मी त्या रात्रीची पानं पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवते.

फोनवरचं स्टेलेरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप फुकट आहे आणि चांगलंही आहे, पण आम्ही ते घरी नियोजनासाठीच वापरतो. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या पडद्याकडे एकदा पाहिलं की ती गेली. मंद लाल टॉर्च आणि कागद यांना पर्याय नाही.

बर्नहॅम यांच्या 'सिलेस्टियल हँडबुक'चे तीन खंड एकाने मोठ्या प्रेमाने आणून दिले. १९७८ ची डोव्हर आवृत्ती, दोन हजारांवर पानं, तारकासमूहांप्रमाणे मांडणी. त्यातली ताऱ्यांची स्थानं १९५० ची आहेत आणि अंतरंही जुनी झालीत, तेव्हा दुर्बिणीशेजारी त्याचा उपयोग नाही. पण व्याधाविषयी किंवा मृगातल्या तेजोमेघाविषयी वाचायला बसलं की तास कसा जातो कळत नाही. लॉवेल वेधशाळेत काम केलेला हा माणूस शेवटी सॅन दिएगोच्या एका बागेत स्वतः काढलेली चित्रं विकत होता, हे कळल्यापासून मला ते खंड जास्त जपून हाताळावेसे वाटतात.

मराठीतली दोन. नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' मी आधी वाचलेलं होतं. यंदा दीर्घिका स्वतः पाहिल्यावर पुन्हा वाचलं, आणि तेच परिच्छेद वेगळेच पोहोचले. दुसरं शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास', ज्याचं दुसरं नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. एकोणिसाव्या शतकातलं हे लिखाण आहे. प्लूटो १९३० मध्ये सापडला आणि देवयानीतली दीर्घिका आपल्या आकाशगंगेबाहेर आहे हे १९२० च्या दशकात सिद्ध झालं, म्हणजे ही माहिती त्यात असणारच नाही. पण आकाशाकडे आनंदाने कसं बघायचं हे मराठीत इतक्या मोकळेपणाने सांगणारं दुसरं मला ठाऊक नाही. पावसाळ्यात आम्ही ते गटात मोठ्याने वाचतोय.

'टर्न लेफ्ट' जुन्या बाजारात घेणार असाल तर चौथी किंवा त्यानंतरची आवृत्ती बघा. तिला स्पायरल बांधणी आहे आणि डॉब्सोनियनची स्वतंत्र चित्रंही आहेत. जुनी स्वस्तात मिळाली तरी घ्यायला हरकत नाही, तारे तेच आहेत. फक्त ग्रहांच्या स्थितीचे आणि ग्रहणांचे तक्ते त्यातून वाचू नका, ते चालू वर्षाच्या पंचांगातून घ्या.