भाऊबिजेला दिलेल्या झाडांना मुळंच नव्हती

२०२४ च्या दिवाळीत मी बहिणीला भाऊबिजेला साडी न देता झाडं दिली. चार झाडं, चार रंगीत कुंड्या, ३,७०० रुपये. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे हिशेबाने अर्धा क्विंटल कापूस गेला. एवढा कापूस वेचायला एका बाईला दोन-तीन दिवस वाकावं लागतं. पैशाचं वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण लिहायला बसलो ते पैशापायी नाही. ती झाडं वाळली म्हणून माझी बहीण दीड महिना स्वतःला दोष देत बसली होती. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं. झाड मेलं की घरातली बाई आधी स्वतःच्या हाताकडे बघते, दुकानदाराकडे नाही. त्याचा धंदा त्यावरच चालतो.

मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातला शेतकरी आहे. कापूस, तूर, थोडी केळी. बहीण दर्यापूरकडे दिली आहे, पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. तिथलं बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजत नाही. प्यायला आरओच्या पाण्याच्या कॅन विकत आणाव्या लागतात. तिच्या अंगणात तुळस आणि एक कडुनिंब, बस. राखीला आली तेव्हा मोबाईलवर कुणाच्या तरी घरातली हिरवीगार झाडं दाखवत म्हणाली होती, "दादा, आमच्याकडे असं काहीच जगत नाही रे." ते माझ्या डोक्यात राहिलं.

धनत्रयोदशीला अमरावतीहून कपडे घेऊन परत निघालो, तर रस्त्याच्या कडेला मांडव दिसला. आत दिव्यांच्या माळा आणि ओळीने कुंड्या. पोरगा बोलायला गोड होता, मला काका काका करत होता. म्हणाला, सगळी परदेशी झाडं आहेत, घरात ठेवायची, ऊन नको, खत नको, आठवड्यातून एकदा पेलाभर पाणी. पाण्याचं ऐकून मला वाटलं, हे तर बहिणीसाठीच आहे. मोठ्या भोकाभोकांच्या पानांचा मॉन्स्टेरा १,५०० ला, निळ्या फुलांचं ऑर्किड १,१०० ला, गुलाबी पानांचं 'पिंक काँगो' ९०० ला आणि बदामाच्या आकाराचं एकच जाड पान असलेली छोटी कुंडी २०० ला. पानं अशी चकाकत होती की आत्ताच पावसात न्हाली आहेत. ती चमक पानं चकाकवायच्या फवाऱ्याची होती, हे पुढे कळलं.

शेतात मी कपाशीचं पान उलटं करून पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. मावा, तुडतुडे पानाच्या पाठीमागेच असतात. त्या मांडवात मी एक पान उलटं केलं नाही, एका कुंडीत बोट घातलं नाही. घालता आलंही नसतं, कारण वरचे पांढरे गोटे गोंदाने चिकटवलेले होते. ते शोभेसाठी आहेत असं मला वाटलं. खालचं दिसू नये म्हणून ते होते.

बिल मागितलं नाही. बोगस बियाण्याने आम्हाला एवढं पोळलं आहे की कपाशीची पिशवी घेतली की पक्की पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवतो. कृषी विभागही दरवर्षी तेच सांगतो. झाडं मात्र सणाचं सामान म्हणून घेतली. मोबाईलवर पैसे पाठवले तेव्हा पडद्यावर भलत्याच कुणाचं नाव आलं. पोरगा म्हणाला, "आमच्या भावाचं खातं आहे, काका." मी मान डोलावली.

३ नोव्हेंबरला भाऊबीज झाली. तिने ओवाळलं, मी कुंड्या दिल्या. तिने पदराने कुंड्या पुसून समोरच्या खोलीत खिडकीजवळ मांडल्या. आल्यागेल्याला दाखवायची, दादाने आणली म्हणून.

डिसेंबरच्या मध्याला मी तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन तिच्याकडे गेलो. तिच्या हातचा सोलेभात खायचा होता. समोरच्या खोलीत कुंड्या नव्हत्या. विचारलं तर चहा ठेवते म्हणून आत गेली. मी हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर न्हाणीजवळ पोत्याखाली चारही कुंड्या झाकून ठेवलेल्या.

"काहून नाही सांगतलं व मले?"

"तू वाईट वाटून घेशीन म्हणून," एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मग कळलं ते असं. मॉन्स्टेराची पानं एकेक करून मान टाकू लागली तेव्हा तिने कुंडीवर चिकटवलेल्या नंबरवर फोटो पाठवले. उत्तर आलं, पाणी जास्त होतंय. तिने पाणी कमी केलं. पुन्हा फोटो पाठवले, तर उत्तर आलं, पाणी कमी पडतंय. विकतच्या कॅनमधलं पाणी ती मोजून त्या झाडांना घालत होती, स्वतःच्या पिण्यातलं. शेवटी त्या माणसाने लिहिलं, "ताई, सगळ्यांच्या हाताला झाडं येत नाहीत." त्यानंतर नंबर बंद. तिच्या सासूबाई मनाने वाईट नाहीत, पण भाऊबिजेचं झाड वाळलं हे बरं नाही, असं त्या एकदा बोलून गेल्या. ते हिने मनाला लावून घेतलं. आपल्या हाताने भावावर काही येतंय की काय, इथवर तिची मजल गेली होती.

मी मॉन्स्टेराची कुंडी तशीच उचलून गावी आणली.

आमच्या अंजनगावकडे पानमळे आहेत. विड्याचं पान आणि पानपिंपरी ही इथली जुनी पिकं, बारी समाजाच्या हातातली. शेजारचे एक बारी काका, उभं आयुष्य पानवेलीत गेलेले. मी कुंडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी गोट्यांचा थर चाकूने उचकटला, देठ दोन बोटांत धरला आणि ओढला. देठ भाजीच्या काडीसारखा सरळ बाहेर आला. एकूण पाच देठ होते, पाचही तसेच. खाली कापल्याची तिरपी खूण, मूळ नाही. ते म्हणाले, "अरे, ह्याले डोळाच नाही. डोळ्याबिना वेल फुटते का कुठं?"

हे नीट समजून घ्या, कारण फसवणूक याच जागी होते. मॉन्स्टेरा ही वेल आहे, मेक्सिकोच्या दक्षिणेपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलात झाडांवर चढणारी. आपल्या घरचा मनीप्लांट तिच्याच कुळातला, अळूही त्याच कुळातलं. या वेलींना खोडावर पेरं असतात आणि पेरावरच्या डोळ्यातून नवा फुटवा येतो. पेरासकट तुकडा लावला तर झाड होतं. नुसतं पान देठातून कापून ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचलं तर ते काही आठवडे हिरवं राहतं, क्वचित तळाशी चार मुळ्याही धरतं, पण त्याला नवं पान कधीच येत नाही. एका मोठ्या वेलीची पाच-सहा पानं कापून खोचली की दहा मिनिटांत १,५०० रुपयांचं 'झाड' तयार होतं, आणि ते मरतं तोवर दिवाळी उलटलेली असते. माझ्या बहिणीने त्याला गंगाजल घातलं असतं तरी ते जगलं नसतं.

त्या बदामाच्या आकाराच्या पानाचंही तेच. ते होया नावाच्या वेलीचं पान आहे. खोडाचा तुकडा सोबत नसेल तर त्याला मुळं येतात, ते वर्षानुवर्षं तसंच राहतं, पण वाढत नाही. बहिणीचं ते पान अजून आहे, तेवढंच.

ऑर्किड खरं होतं, रंग खोटा होता. ही जात फॅलेनॉप्सिस. बाजारात तिची जी गडद निळी फुलं मिळतात ती पांढऱ्या फुलाच्या दांड्यात रंग सोडून केलेली असतात. आमच्या कुंडीतल्या दांड्यावर मेणाने बुजवलेलं बारीक छिद्र होतं. आधी ते कीड लागल्याचं वाटलं होतं. उशिरा उमललेल्या कळ्या फिकट निघाल्या तेव्हा बहिणीने आपलं काही चुकलं म्हणून तिथेही स्वतःलाच बोल लावला.

पिंक काँगोचा गुलाबी रंगही झाडाचा नाही. झाडाला वायूचा, रसायनाचा उपचार देऊन त्या वेळची पानं गुलाबी करतात. केळी पिकवताना इथिलीन वायू देतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्याच जातीचा हा प्रकार. पुढची पानं हिरवी येतात आणि सहा महिने, वर्षभरात सगळं झाड हिरवं होतं. 'पिंक प्रिन्सेस' नावाची वेगळी जात आहे, तिचे गुलाबी पट्टे जन्माचे असतात आणि ती महाग असते. नावं जवळची असल्यामुळे एकीच्या नावावर दुसरी खपवतात. हिरवं झालेलं झाड वाईट नसतं, बहिणीकडचं अजून जगतंय. पण त्यासाठी मी ९०० रुपये दिले नसते.

त्या पोराने आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मला सगळ्यात जास्त लागली. बहिणीच्या घरी लहान पोर आहे, म्हणून मी विचारलं होतं की चावलं तर काही होतं का. तो हसून म्हणाला होता, "काही होत नाही, काका." मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन (पिंक काँगो तेच आहे) आणि अँथुरियम या सगळ्यांत कच्च्या अळूसारखेच सुईदार खडे असतात. पान चावलं तर तोंड आणि घसा जळतो, ओठ सुजतात. घरात रांगतं मूल किंवा दारात शेळी असेल तर ही झाडं उंचावरच ठेवा.

तक्रारीचं काय झालं म्हणाल तर, मांडव केव्हाच उठला होता. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. दुकानाचं नाव विचारलं, बिल विचारलं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात माल विकून बिल न देणं हेच अनुचित व्यवहारात धरलं आहे, हे मला त्यानंतर समजलं. तेव्हा बिल मागताना संकोच करू नका. 'सणाची गर्दी आहे' असं उत्तर मिळालं तर कुंडी खाली ठेवा. मोबाईलवर फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवले आणि झाड आलंच नाही, असंही आमच्या गावात एकाचं झालं. त्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे, आणि तो त्याच दिवशी लावावा लागतो. उशीर झाला की पैसे पुढे निघून जातात.

आता देखभालीचं. आपल्याकडच्या हवेत ही झाडं जगतात, पण विकणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने नाही. खारं पाणी घातलं की आधी पानांच्या कडा तपकिरी होतात, मातीवर पांढरा थर येतो. बहीण आता पावसाळ्यात टिनावरचं पाणी ड्रममध्ये धरते आणि तेच झाडांना पुरवते. कुंडीत आपली काळी माती भरू नका. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या नाजूक मुळ्या एक तर सडतात नाही तर तुटतात. कोकोपीट, कुजलेलं शेणखत आणि विटांचा चुरा यांचं मिश्रण चालतं. ऑर्किडला तर मातीच नको, ते झाडाच्या सालीच्या तुकड्यांत वाढतं. शोभेच्या कुंडीला खाली भोक आहे का हे आधी बघा. आमच्या चारपैकी तीन कुंड्यांना नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा ही झाडं ओसरीतून आत घ्यायची आणि पाणी सकाळीच द्यायचं, तेही माती वाळल्यावर. उन्हाळ्यात कूलर असलेली खोली त्यांना मानवते, फक्त थेट झोतात ठेवू नका. आणि रोपवाटिकेतून घरी आल्यावर पहिल्या महिन्यात दोन-चार पानं गळाली तर घाबरू नका, जागा बदलल्याचं ते असतं.

पुढच्या दिवाळीला मी बहिणीला सोबत घेऊन गेलो, परतवाड्याच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत. तिला लाल पानांचं पॉइन्सेटिया आवडलं. तिथल्या माणसाने आपणहून सांगितलं, "ताई, ही लाल पानं काही महिन्यांनी जातील. पुन्हा लाल हवी असतील तर ऑक्टोबरपासून दोन महिने रोज रात्री चौदा तास मिट्ट अंधारात ठेवावं लागेल. जमणार असेल तर घ्या." तिने ते परत ठेवलं आणि अ‍ॅग्लोनिमा नावाचं एक साधं शोभेच्या पानांचं झाड उचललं. आधी पान उलटं करून पाहिलं. मग कुंडी आडवी धरून म्हणाली, "भाऊ, मुळं दाखवता का?" त्याने कुंडीला दोन थापट्या मारून मातीचा गड्डा सबंध बाहेर काढला. चहूकडून पांढऱ्या मुळ्या होत्या. १८० रुपये झाले. बिल तिनेच मागून घेतलं आणि घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.