डबीवर १६.००० छापलेलं असतं, तापमान नाही

पैसे मोजले उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअसवाल्या १६ मेगाहर्ट्झ क्रिस्टलचे (चिपला क्लॉकचा ठोका देणारा भाग) आणि लॉट आला उणे २० ते ७० वाला. ही लबाडी लवकर कळत नाही, कारण क्रिस्टलच्या डबीवर बहुतेक वेळा फक्त फ्रिक्वेन्सी असते, फार तर लॉटचा कोड. विक्रेत्याने दिलेला चाचणी अहवाल खोटाही नव्हता. फ्रिक्वेन्सीतली चूक ८ पीपीएम (दहा लाखांत ८), अगदी बरोबर. फक्त सगळी मोजणी २५ अंशांवर केलेली.

बंद पेटीत बोर्ड सत्तरीच्या पुढे तापला की सिरियल पोर्टवर कचरा अक्षरं येऊ लागतात. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "तुमचे कपॅसिटर चुकलेत, नाहीतर फर्मवेअर बघा."

इथे हिशोब करावा. यूएआरटी, म्हणजे चिपमधला सिरियल पोर्ट चालवणारा भाग, साधारण २ टक्के, म्हणजे २०,००० पीपीएम फरक पचवतं. क्रिस्टल तापून ५० पीपीएम सरकला तरी तो फरक ८०० हर्ट्झचा. त्याने एक अक्षरही बिघडत नाही. म्हणजे क्लॉक सरकत नाहीये, मध्येच बंद पडतोय. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये क्लॉक सिक्युरिटी (क्लॉक बंद पडल्याचं ओळखणारी सोय) चालू असेल आणि एनएमआयमधला, म्हणजे त्या बिघाडावर आपोआप चालणारा कोड नुसता फ्लॅग पुसून पुढे जात असेल, तर चिप आतल्या आरसी क्लॉकवर चालत राहते, बॉडरेट (सिरियल पोर्टचा वेग) पार बदलतो आणि खापर फर्मवेअरवर फुटतं.

मूळ दोष ईएसआरचा, म्हणजे क्रिस्टलच्या आतल्या रोधाचा. एटी-कट (ठरावीक कोनात कापलेल्या) क्रिस्टलमध्ये ठरावीक तापमानाला दुसरं कंपन मुख्य कंपनात मिसळतं आणि ईएसआर एकदम उसळतो, म्हणजे मुख्य कंपनात खड्डा पडतो. हा खड्डा काही अंशांपुरताच असतो, पुढे गेलं की सगळं पुन्हा सुरळीत. म्हणून "८५ ला तपासलं, चाललं" याला काही अर्थ नाही. ईएसआर ४० ओहम, सी-शून्य (क्रिस्टलचं स्वतःचं कपॅसिटन्स) ५ आणि लोड (बाहेरचं कपॅसिटन्स) १२ पिकोफॅरड धरले तर ऑसिलेटरला, म्हणजे क्रिस्टल हलता ठेवणाऱ्या चिपमधल्या सर्किटला, किमान ०.४७ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट जीएम (जोर) लागतो. चिप ५ देत असेल तर दसपट जागा आहे. ईएसआर १२० झाला की ती साडेतीनपटीवर येते. पाचपटीखाली भरवसा ठेवू नये. त्यात चिपचा जीएमही उष्णतेत घटतो.

आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स (सोल्डरिंगचा उरलेला चिकट थर) धुवा, नाहीतर विक्रेता तेच कारण पुढे करेल. मग चांगल्या आणि बिघडलेल्या बोर्डाचे क्रिस्टल अदलाबदल करा. दोष क्रिस्टलमागे गेला तर प्रश्न मिटला. ऑसिलोस्कोपचा प्रोब ऑसिलेटरच्या पिनला लावू नका, त्याचे दहाएक पिकोफॅरड निकालच बदलतात; क्लॉक एमसीओ पिनवर (चिपचा क्लॉक बाहेर देणारी पिन) काढून बघा. ओव्हनमध्ये २५ ते ८५ अंश, दोन-दोन अंशांनी, प्रत्येक पायरीवर तापमान स्थिरावू द्या. हीट गनने खड्डा हुकतो. शेवटी क्रिस्टलला सिरीजमध्ये १६० ओहम जोडून हीच फेरी पुन्हा करा. ४० ओहमचा अस्सल क्रिस्टल तरीही सुरू व्हायला हवा.

ऑर्डरवर पूर्ण पार्ट नंबर, तापमानश्रेणी आणि "संपूर्ण श्रेणीत कमाल ईएसआर" लिहून घ्या. लॉटमधले २० नग सोल्डर न करता, पाकिटावरच्या लेबलासकट बाजूला ठेवा. सोल्डर केलेला नग परत पाठवला की "तुम्हीच जास्त तापवला" हे ऐकावं लागतं, आणि तेव्हा हातात दुसरा पुरावा नसतो.