बेल कर्व्ह ठेवायचा की काढायचा? साठ माणसांच्या कंपनीसाठी

मार्च जवळ आला की छोट्या कंपनीच्या मालकापुढे अप्रेझलचा घोळ असतोच. माणसांची एकमेकांशी तुलना करून ठरलेल्या टक्केवारीत क्रम लावायचा (हाच बेल कर्व्ह: थोडे वर, बरेच मध्ये, थोडे तळाला), की क्रम सोडून वर्षभर बोलत राहायचं?

क्रमवारीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जनरल इलेक्ट्रिकचं. जॅक वेल्च यांच्या काळात (१९८१–२००१) तिथे वरचे २० टक्के, मधले ७० आणि तळचे १० अशी वाटणी होती. तळाला जो गेला, त्याची नोकरी धोक्यात. यात फायदाही आहे: 'आमचे सगळेच चांगले' म्हणून मॅनेजरला सुटता येत नाही. पण हे गणित हजारोंसाठीचं. सात जणांच्या टीममध्ये १० टक्के म्हणजे पाऊण माणूसही भरत नाही, तरी कुणाला तरी तळाला बसवावंच लागतं. मायक्रोसॉफ्टमध्ये तर हुशार इंजिनिअर दुसऱ्या हुशाराच्या टीममध्ये जायला कचरू लागले, कारण तो वर गेला की आपण खाली. मग अडलेल्याला मदत कोण करणार? नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली. (पुढच्या भरभराटीचं सगळं श्रेय याला देऊ नका, क्लाउडचा धंदाही होताच.)

अ‍ॅडोबीने २०१२ मध्येच वार्षिक रेटिंग मोडीत काढून 'चेक-इन', म्हणजे वर्षभर अधूनमधून होणारं बोलणं, आणलं. जुन्या पद्धतीत मॅनेजरांचे वर्षाला ८०,००० तास जात, असा कंपनीचाच हिशेब होता.

पण रेटिंग गेलं तरी पैसे वाटायचेच असतात. मग मॅनेजर मनातल्या मनात क्रम लावतो आणि तो कुणाला दिसत नाही. माझ्या एका जुन्या कंपनीत दर महिन्याचं बोलणं म्हणजे "काय, सगळं ठीक ना?" एवढंच. एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट निम्मं का, हे कुणी सांगेना. महिन्याभरात दोन चांगल्या माणसांनी पेपर टाकले.

माझं मत: शंभराच्या आत माणसं असतील तर बेल कर्व्ह काढाच. गप्पांवर मात्र तेव्हाच जा, जेव्हा एका मॅनेजरकडे सात-आठच माणसं असतील आणि प्रत्येकाच्या पगारवाढीचं कारण दोन ओळींत लिहिलं जाईल. आधी मॅनेजरांना विचारा, गेल्या तीन महिन्यांत कुणाची चूक तोंडावर सांगितली? नावं आठवत नसतील तर यंदा साध्या श्रेणीच ठेवा, ज्याच्या त्याच्या केआरएवर (ठरवून दिलेल्या मुख्य कामांवर), टक्केवारीची सक्ती न करता.