फोल्डस्कोप: आमच्या घरच्या शाळेत रोज हाताळली जाणारी वस्तू

आमची थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघंही शाळेत जात नाहीत, गेली दोन वर्षं शिक्षण घरीच चाललंय, इथे वाईत. पुढे एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी द्यायची असं ठरवलंय. भाषा आणि गणिताची मला कधी धास्ती वाटली नाही. पण "विज्ञानाचं काय? प्रयोगशाळा कुठून आणणार?" हे प्रत्येक लग्नाकार्यात कुणीतरी विचारायचंच, आणि ते मनाला लागायचं, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

त्या काळजीपोटी आधी एक प्लास्टिकचा मायक्रोस्कोप ऑनलाइन मागवला. खोक्यावर १२०० पट लिहिलेलं, आत बघितलं तर नुसतं धुकं. आठवड्यात आरसा निखळला. धाकट्याने रडून घर डोक्यावर घेतलं. म्हणून फोल्डस्कोप घेताना मी आकडे बघितले नाहीत, तो चालतो कसा ते समजून घेतलं.

हा कागदाचा मायक्रोस्कोप. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी जिम सायबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तो घडवला. त्यावरचा शोधनिबंध २०१४ साली आला. कागदाच्या घड्या घालायच्या, मधे मण्याएवढं भिंग बसवायचं. वस्तू साधारण १४० पट मोठी दिसते. सतराव्या शतकात डेल्फ्टच्या लेव्हेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने असंच एकच भिंग डोळ्याला लावून पाण्यातले जीव पाहिले होते. थोरलीला ही गोष्ट सांगितली, तर पुढचे चार दिवस ती "मी कापडवाली" म्हणून फिरत होती.

घड्या घालायला आम्हाला पाऊण तास लागला. घाई केली की कागद उलटा बसतो, तेव्हा मोठ्या माणसाने शेजारी बसायलाच हवं. पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. डोळा भिंगाला अगदी चिकटवायचा असतो आणि अंगठ्यांनी पट्टी केसभर सरकवत फोकस साधायचा असतो, हे हाताला कळायला दोन दिवस गेले. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लोहचुंबकाने जोडता येतो हे कळलं, तेव्हापासून धाकट्याचीही तक्रार मिटली, दोघं एकदम बघू शकतात. एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी बजावा: सूर्याकडे धरून कधीही बघायचं नाही. खिडकीचा उजेड किंवा ट्यूबलाइट पुरते.

सगळ्यात आधी कांद्याचा पापुद्रा पाहिला, तो छानच दिसतो. पण खरी मजा परसातल्या हौदाच्या शेवाळात होती. बोटाला गुळगुळीत लागणारा तो हिरवा केसांचा पुंजका. त्यातला एक धागा थेंबभर पाण्यात स्लाइडवर ठेवला आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली. बघते तर काचेच्या नळीत कुणीतरी हिरवी फीत पिळून भरल्यासारखी! पुस्तकातलं स्पायरोगायरा नावाच्या या शेवाळाचं चित्र मी शाळेत दहा वेळा काढलं होतं. पस्तीसाव्या वर्षी ते पहिल्यांदा खरं पाहिलं. थोरलीने चित्र न बघताच वहीत ती फीत काढली, वेटोळी मोजून.

सासूबाईंना विरजणातले जंतू बघायचे होते. आम्ही दही पातळ करून स्लाइड केली. बारीक गोल गोल ठिपके दिसले, ते स्निग्धांशाचे असावेत. जंतू काही दिसले नाहीत. या भिंगाला साधारण दोन मायक्रॉनपर्यंतचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) स्पष्ट दिसतं, दह्यातले जिवाणू त्याहून बारीक. थोरली हिरमुसली. मग तिनेच विचारलं, "मग ते आहेत हे कसं कळतं?" त्या दुपारी आम्ही दुधाच्या तीन वाट्या लावल्या: एक विरजण घातलेली, एक न घातलेली, एक विरजण घालून फ्रीजमध्ये. न दिसलेल्या जंतूंमुळे आमचा सगळ्यात चांगला प्रयोग झाला, असं मी मनापासून म्हणेन.

घ्यावा का? तुमच्याकडे रोज अर्धा तास मुलांबरोबर बसायला असेल तर नक्की घ्या. मुलांच्या हातात देऊन आपण स्वयंपाकाला लागायचं म्हणाल, तर तो आठवड्यात कपाटात जाईल. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एकट्याने फोकस जमत नाही, त्याच्यासाठी मोबाइल जोडणं आलंच. पावसाळ्यात आमचा दोनदा भिजला, कागद फाटला नाही. नववी-दहावीच्या मुलांना जिवाणूंपर्यंत जायचं असेल तर मोठा मायक्रोस्कोप लागेल.

काल सासूबाईंनी देवाला वाहायच्या जास्वंदीतलं एक फूल मुद्दाम बाजूला ठेवलं. परागकण चिकटपट्टीवर टिपून पाहिले: पिवळे, काटेरी चेंडू. पूजा आटोपून त्या पुन्हा खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "आता तुळशीचे लाव."