बालकल्याणाच्या वकिलीसाठी कॅनलिआय: काय सापडतं, काय दडतं

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मूलनिवासी कुटुंबसेवा संस्थेच्या वकिलाला श्वास घ्यायला पाच दिवस मिळतात. मूल घरातून सुरक्षित जागी हलवलं की तेवढ्या अवधीत प्रकरण कोर्टापुढे यायलाच हवं. पुढचं वेळापत्रक फॅमिली लॉ रूल्सचा (कौटुंबिक खटल्यांची प्रांतिक नियमावली) ३३वा नियम ठरवून देतो: उत्तर आणि प्लॅन ऑफ केअर (मुलाच्या संगोपनाचा आराखडा) ३० दिवसांत, तात्पुरत्या ताब्याची सुनावणी ३५, सेटलमेंट कॉन्फरन्स (तडजोडीची बैठक) ८० आणि अंतिम सुनावणी १२० दिवसांत. या घाईत निवाडे शोधायला आधी उघडतं ते कॅनलिआय, म्हणजे कॅनडाचे कायदे आणि निवाडे एकत्र ठेवणारं संकेतस्थळ. २००१ पासून चालू, वापरायला फुकट. खर्च लॉ सोसायट्यांमार्फत (वकिलांच्या नियामक संस्था) देशभरच्या वकिलांच्या वर्गणीतून निघतो. माझ्या लेखी पाचपैकी चार गुण.

सगळ्यात कामाची गोष्ट शोधपट्टी नाही, कलमाशेजारची लिंक आहे. मूलनिवासी मुलं आणि कुटुंबांविषयीचा २०१९ चा फेडरल कायदा (अंमल १ जानेवारी २०२० पासून) उघडा आणि थेट कलम १६ वर जा. मूल कुणाकडे ठेवायचं याचा क्रम तिथे आहे: आधी आईवडील, मग कुटुंबातली दुसरी प्रौढ व्यक्ती, मग त्याच समाजातली, मग दुसऱ्या मूलनिवासी समाजातली आणि सगळ्यात शेवटी इतर कुणीही. कलमाशेजारची लिंक दाबली की त्याचा उल्लेख करणारे निवाडे समोर येतात. प्रांत ऑन्टॅरिओ निवडा, ताजे वर घ्या, आणि त्या यादीतच शब्द टाकून पुन्हा गाळा. अवतरणचिन्हं घातली नाहीत तर यंत्रणा शब्दाची सगळी रूपं ओढून आणते. दोन शब्दांमध्ये तिरपी रेघ आणि ‘पी’ टाकला तर दोन्ही एकाच परिच्छेदात असलेलेच निवाडे येतात, ‘एस’ टाकला तर एकाच वाक्यात. कलम १५ वर काम करताना याची खरी चव कळते. केवळ गरिबी किंवा पुरेसं घर नाही म्हणून मूल कुटुंबातून काढून नेता येत नाही, असं ते कलम सांगतं. ‘पॉव्हर्टी’ आणि ‘हाउसिंग’ एका परिच्छेदात मागा, म्हणजे न्यायाधीशांनी ‘केवळ’ या शब्दावर किती कीस पाडलाय ते दिसतं.

नवखे अडकतात ते जुन्या-नव्या शब्दांत. ऑन्टॅरिओचा सध्याचा बालकल्याण कायदा २०१७ चा, लागू झाला ३० एप्रिल २०१८ ला, आणि त्याने अर्धी शब्दसंपदा बदलली. पूर्वीचं ‘क्राउन वॉर्ड’ (दीर्घकाळासाठी संस्थेच्या ताब्यात दिलेलं मूल) आता ‘एक्स्टेंडेड सोसायटी केअर’ झालं. संरक्षणाची गरज ठरवणारं जुनं कलम ३७ आता ७४ आहे, आदेशांचं ५७ आता १०१, मुदतीचं ७० आता १२२. नवाच शब्द टाकून शोधलं तर त्याआधीचे निवाडे जाळ्यात येतच नाहीत. दोन्ही शब्द ‘ऑर’ने जोडून टाका. आणि जुना निवाडा उद्धृत करायचा असेल तर कलमाचा मजकूर सरळ ताडून पाहा. नुसता क्रमांक बदलून काम भागत नाही, कारण मुलाच्या हिताच्या कसोटीत फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी (कॅनडातले तीन मूलनिवासी समूह) मुलांसाठी बराच नवा मजकूर आलाय. कायद्याच्या पानावरच्या जुन्या आवृत्त्या यासाठीच आहेत.

आता कापलेल्या गुणाचं. एखादा निवाडा किती ठिकाणी उद्धृत झाला ते इथे कळतं. तो तिथे मान्य झाला की बाजूला सारला गेला, हे सशुल्क सेवांसारख्या खुणेने कळत नाही. उघडून वाचावं लागतं. ‘रसीन विरुद्ध वुड्स’ घ्या, सुप्रीम कोर्ट, १९८३. काळ जाईल तसं मुलाच्या जडलेल्या जिव्हाळ्यापुढे सांस्कृतिक वारशाचं महत्त्व कमी होतं, असं त्यात म्हटलंय. उद्धरणांची संख्या पाहून तो अजून तितकाच भक्कम वाटेल. पण फेडरल कायद्याचं कलम १० कुटुंब, समाज आणि संस्कृतीशी असलेलं नातं टिकवण्याला मुलाच्या हिताच्या मुख्य विचारातच स्थान देतं. त्याच्याशी न ताडता हा निवाडा मांडणं म्हणजे आपल्याच अर्जाच्या पायावर धोंडा. तशीच दुसरी चकवणारी जागा: क्वेबेक अपील कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये या कायद्याचं कलम २१ आणि कलम २२ चा तिसरा भाग (मूलनिवासी समाजांनी केलेल्या कायद्यांना प्रांतिक कायद्यांच्या वर ठेवणारी कलमं) घटनाबाह्य ठरवला होता. सुप्रीम कोर्टाने ९ फेब्रुवारी २०२४ ला अख्खा कायदा वैध ठरवला. मधल्या दोन वर्षांतल्या निवाड्यांची तारीख आधी बघा, मग परिच्छेद उचला.

नावाने शोधणं तर विसराच. मुलांची आणि पालकांची ओळख छापायला कायद्याने बंदी आहे, म्हणून शीर्षकात फक्त आद्याक्षरं असतात आणि एकाच आद्याक्षरांची डझनभर प्रकरणं निघतात. कोर्टाचा फाइल क्रमांक टिपून ठेवा. अर्जाचे फॉर्म इथून घेऊ नका; ते प्रांताच्या कोर्ट फॉर्म्सच्या साइटवरून, ताज्या तारखेचे. बँडला (वाजंत्री नव्हे, फर्स्ट नेशनची कायद्याने मानलेली संस्था) नोटीस पाठवायचा पत्ताही इथे मिळणार नाही. कोणत्या समाजाच्या शासनसंस्थेने स्वतःच्या कायद्यासाठी नोटीस किंवा विनंती दिलीय, कुणाचा सरकारांशी समन्वय करार झालाय, ही यादी कलम २५ प्रमाणे फेडरल मंत्रालयाला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती फाइल उघडतानाच बघावी, सुनावणीच्या आदल्या रात्री नको.

सगळ्यात मोठी पोकळी मात्र अशी, की जे कोर्टात लढलं गेलं आणि लेखी निवाड्यापर्यंत पोचलं तेच मुख्यतः इथे आहे. तोंडी दिलेले तात्पुरते आदेश, संमतीने मिटलेली प्रकरणं, आणि आत्या किंवा आजीकडे मूल सोपवणारे कस्टमरी केअरचे (समाजाच्या रीतीनुसार संगोपनाचे) करार यांतलं फारसं काही इथे पोचत नाही. संस्थेने असा करार करण्याचा वाजवी प्रयत्न केला पाहिजे, असं प्रांतिक कायद्याचं कलम ८० म्हणतं, आणि सुनावणीत बँडच्या प्रतिनिधीचा पहिला प्रश्न नेमका तिथलाच असतो. त्याचं उत्तर केसवर्करच्या प्रतिज्ञापत्रात लागतं: कोणत्या नातेवाइकाला कोणत्या तारखेला फोन केला, बँडच्या कार्यालयाशी कोण बोललं, नकार आला तर कारण काय, आणि घर लहान हेच कारण असेल तर पलंग किंवा भाड्याची सोय संस्थेने देऊ केली होती का.