जर्मनीत शिकायला जाताय: वसतिगृह की 'वेगे'?

प्रवेश पक्का झाला की पुढचा घोळ राहण्याचा. 'श्टुडिरेंडनवेर्क' या विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेचं वसतिगृह, की तिघाचौघांत वाटून घेतलेला फ्लॅट, म्हणजे तिकडची 'वेगे'?

वसतिगृह सहसा स्वस्त. वीज, हीटिंग, इंटरनेट बहुतेकदा भाड्यातच. वेगेची जाहिरात वाचताना भाडं 'काल्ट' की 'वार्म' ते बघा. काल्टमध्ये हीटिंग, पाणी धरलेलं नसतं. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्ट भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी दरमहा १८.३६ युरो, घरटी एकच. वेगेत ती वाटली जाते. वसतिगृहात सामायिक कॉरिडॉरवर उघडणारी खोली मात्र सहसा स्वतंत्र घर धरतात, म्हणजे सगळी रक्कम तुमच्याच माथी.

मिळवणं दोन्हीकडे कटकटीचं. वसतिगृहाला लांबलचक प्रतीक्षायादी. वेगेत आधीचे रहिवासी चक्क मुलाखत घेतात, स्थळ बघायला आल्यासारखी. खोली न बघता पैसे मात्र पाठवू नका. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला घर देणाऱ्याचा दाखला लागतो. दाखला द्यायला कोणी का-कू करत असेल तर ती खोली सोडा.

भाषेसाठी वेगेच, तीही जर्मन बोलणाऱ्यांची.

पहिल्यांदाच घराबाहेर पडणाऱ्याने, किंवा बजेट ताणलेलं असेल त्याने वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाची वाट न बघता, नियमात बसत असेल तर, आधीच टाकावा. थोडंफार जर्मन येतं आणि पुढे तिथेच नोकरी करायची आहे, त्याने वेगे शोधावी.